तोकुजीचं ‘जरासं’

आमच्या सानुकीत माणूस सकाळी डोळे उघडतो तोच उडोनसाठी. त्या जाड शेवया शिजवलेलं पिठूळ पाणी गटारात जातं आणि गटार जातं मानाबे तोकुजीकडे. समुद्राकाठच्या सांडपाणी केंद्रात त्याचा जन्म गेला. पाण्यातली घाण खाणाऱ्या जंतूंना हवा किती सोडायची, हे तो टाकीवर वाकून, वास घेऊन ठरवायचा.

दुःख एकच. शरद ऋतूतल्या जत्रेला गाव पाहुण्यांनी भरायचं, उडोनच्या चुली विझायच्या नाहीत, आणि नेमकं तेव्हा तोकुजीला टाकी सोडता यायची नाही. ढोलाची ती भलीमोठी पालखी त्याने कधी खांद्यावर घेतलीच नव्हती. पंचावन्न उलटले की आळी कुणाला खांदा लावू देत नाही. तोकुजीला पंचावन्नावं लागलं होतं, म्हणजे यंदाची शेवटची संधी.

त्याच वसंतात ओसाकाहून निशिओ नावाची इंजिनिअर बाई फजी, म्हणजे अंदाजाने चालणारं, यंत्र घेऊन आली. तेव्हा जपानभर फजीचं खूळ होतं, भाताची भांडीसुद्धा फजी. हे यंत्र म्हणे नुसत्या आकड्यांवर नाही, माणसाच्या शब्दांवर चालतं: पाणी जरा गढूळ, तर हवा थोडी जास्त. तोकुजी हरखला. यंत्र शिकलं की आपण मोकळे! निशिओबाई टाकीशी बसून विचारायची, तो अदबीने सांगायचा, आणि ती त्याचे शब्द यंत्रात घालायची.

चाचणीच्या दिवशी पाणी डांबरासारखं काळं झालं आणि यंत्राने निवांतपणे एक फुंकर मारली. अख्ख्या आळीने खिडक्या लावून घेतल्या. निशिओबाई रडकुंडीला आली. तेवढ्यात तोकुजीची बायको सुमिए डबा घेऊन आली. बाईने पुन्हा विचारलं, पाणी कसं आहे? तोकुजी म्हणाला, “जरासं खराब आहे.”

सुमिएने डबा आपटला. “अहो बाई, यांचं काय ऐकता! वादळात आमचं छप्पर उडालं, तेव्हा हे माझ्या आईला फोनवर म्हणाले, घरात जरासा वारा येतोय.”

मग काय, तोकुजीचा प्रत्येक शब्द सुमिएने तोलून दिला. त्याचं ‘जरासं’ म्हणजे भयंकर, ‘बरं’ म्हणजे वाईट, आणि तो गप्प बसला तर पळा. यंत्र सुतासारखं सरळ झालं.

जत्रेच्या दिवशी तोकुजी पालखीच्या दांडीखाली होता. भर दुपारी सगळ्या चुली पेटलेल्या, आणि हा नाक वर करून वाऱ्याचा वास घेतोय. वास नाही! पलीकडच्या केंद्रातून हवा सोडणाऱ्या ब्लोअरची घरघर आपसूक चढली, थोडी थांबली, हळूच उतरली. तोकुजीला हसू फुटलं, पाऊल चुकलं, मागच्याने शिवी हासडली. तरी त्याचं हसू थांबेना.

संध्याकाळी त्याचा खांदा टम्म सुजला होता. निशिओबाईने विचारलं, दुखतंय का? सगळ्यांनी सवयीने सुमिएकडे पाहिलं.

“खूप,” तोकुजीच म्हणाला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. “खूप दुखतंय. खूप मजा आली.”

सुमिएला त्यात एकही शब्द बदलावा लागला नाही.