हवेला बाहेरची वाट

ऑर्टेन्सिया बेहारानोला गावात कुणी ऑर्टेन्सिया म्हणत नसे. ती सगळ्यांची टेंचा. ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणीत एकतीस वर्षं तिने दुमजली घराएवढ्या डंपरांची इंजिनं खोलली आणि जोडली. सुरुवातीला दुरुस्तीच्या शेडमध्ये ती एकटीच बाई होती. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिच्या पान्यांच्या पेटीत ग्रीस ओतून ठेवलं. तिने एकेक पाना पुसला आणि त्या दिवशीचं काम इतरांच्या आधी तासभर संपवून डबा खायला बसली. तिच्या वाटेला पुन्हा कुणी गेलं नाही.

विमानाचं वेड तिला चाळिशीनंतर लागलं. हीला नदीच्या खोऱ्यात, कापसाच्या शेतांच्या कडेला सान आन्सेल्मोची छोटी धावपट्टी आहे. तिथे आठ-दहा जणांनी स्वतःच्या हाताने बांधलेली विमानं ठेवलेली असतात. टेंचानेही पत्रे आणि आराखडे मागवले आणि घराच्या गॅरेजात काम सुरू केलं. नऊ वर्षं तिची गाडी बाहेर उन्हात उभी राहिली आणि आत तेरा हजार रिव्हेट ठोकले गेले. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, खाली पंख, वर काचेसारख्या प्लास्टिकचा मोठा घुमट. पहिल्यांदा ते विमान जमिनीवरून उठलं तेव्हा टेंचा सत्तावन्न वर्षांची होती. हिवाळ्यात ते झकास उडायचं. मे उजाडला की मात्र त्या घुमटाखाली बसणं म्हणजे तव्यावर बसणं.

तिचं स्वतःचं काही बिघडत नव्हतं, तिने खाणीत याहून वाईट दिवस काढले होते. प्रश्न एल्विराचा होता.

एल्विरा तिची धाकटी बहीण. जंगलखात्यात वणव्यावर नजर ठेवायचं काम करायची. बावीस उन्हाळे ती काबायो शिखरावरच्या लोखंडी मनोऱ्यात एकटी राहिली. धूर दिसला की वायरलेसवर दिशा सांगायची, विजा पडल्या की मोजायच्या. मग तिला मज्जातंतूंवरचं आवरण झिजत जाण्याचा तो आजार झाला. आधी पाय जड झाले, मग मनोऱ्याच्या चौऱ्याहत्तर पायऱ्या जमेनाशा झाल्या आणि शेवटी काठी घेऊन ती टेंचाच्या घरी राहायला आली. या आजाराला उष्णता मुळीच खपत नाही. अंग तापलं की पाय ऐकेनासे होतात, डोळ्यांपुढे धुकं येतं. गार वाटलं की तास-दोन तासांत सगळं पूर्ववत. त्यामुळे मे ते सप्टेंबर एल्विरा घरात कूलरसमोर बसून लोकरीचं विणकाम करायची आणि खिडकीतून डोंगराकडे बघायची.

एकदा ती म्हणाली, "टेंचा, मला एकदा मनोरा वरून दाखव."

"डिसेंबरात नेते की."

"डिसेंबरात काय बघू? कुलूप? मनोरा उघडतो मेमध्ये, बंद होतो ऑगस्टात. वर माणूस असताना बघायचाय मला. जूनमध्ये."

टेंचाने त्याच मेमध्ये प्रयत्न करून पाहिला. सहलीला नेतात तसला मोठा प्लास्टिकचा डबा घेतला, त्यात बर्फ भरला, झाकणाला भोक पाडून पंखा बसवला आणि डबा खुर्च्यांच्या मागे बांधला. पहिली दहा मिनिटं मजेची गेली. विसाव्या मिनिटाला बर्फाचं पाणी झालं. विमान वळलं तसं ते झाकणातून उसळलं आणि एल्विराच्या पाठीवर सांडलं. ती हसली. पण पाच मिनिटांनी तिचं हसणं थांबलं.

"टेंचा, मला तुझे आकडे दिसत नाहीयेत," ती घड्याळांच्या फळीकडे बघत म्हणाली.

टेंचाने तिथूनच विमान फिरवलं. उतरल्यावर एल्विराचे पाय अजिबात हलेनात. धावपट्टीवरचा म्हातारा लामार प्रुइट धावत आला. दोघांनी तिला काखेत धरून पंखावरून खाली घेतलं आणि पाण्याच्या नळाखाली बसवलं. लामार अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर कापसावर फवारणीचं विमान चालवलेला. तो टेंचाला म्हणाला, "पोरी, तुला इंजिनातलं सगळं कळतं, पण आत बसणारा माणूस लोखंडाचा नसतो."

टेंचाने नळ आणखी मोठा सोडला. तासाभराने एल्विराला नीट दिसायला लागलं, आणि पहिलं वाक्य ती बोलली ते असं, "मग, परत कधी?"

"तुझ्या खुर्चीवर भर दुपारी सत्तावीस अंशाच्या वर काटा जाणार नाही, तेव्हा," टेंचा म्हणाली. "त्याआधी पाय ठेवू देणार नाही मी तुला त्यात."

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरात वापरतात तसले चार तापमापक आणले आणि विमानात चार ठिकाणी चिकटवले. दुपारी बारा वाजता एकटीच तीन हजार मीटरवर गेली. बाहेरची हवा सोळा अंश, आत अडतीस! एवढी गार हवा पत्र्यापलीकडून वाहत होती आणि आत टेंचाच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. गुडघ्यांपाशी हवेसाठी दोन झडपा होत्या, पण त्यांतून येणारा वारा म्हणजे म्हाताऱ्याची फुंकर.

तिने झडपांची तोंडं मोठी केली. काटा एक अंश खाली आला. आणखी मोठी केली. काहीच फरक नाही. लामार शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बघत होता.

"अजून मोठी कर," तो म्हणाला. "म्हणजे शेवटी विमानाला तोंडच राहील, बाकी काही नाही."

"सांगण्यासारखं असेल तर सांगा, नाहीतर सरबत प्या."

लामारने हातातली रिकामी बाटली तिच्यापुढे धरली. "हिच्यात फुंक."

टेंचाने फुंकलं. गाल फुगले, हवा तोंडावरच परत आली.

"जाईल कुठे ती? बूड बंद आहे," लामार म्हणाला.

टेंचाने आधी बाटलीकडे पाहिलं, नंतर विमानाकडे. मग घरी गेली आणि एल्विराच्या टोपलीतून लाल लोकरीचा एक गुंडा उचलला.

"ए, तो स्वेटरचा आहे!"

"आता विमानाचा."

तिने लोकरीचे बोटभर तुकडे कापले आणि विमानात जागोजागी टेपने चिकटवले, झडपांपाशी, काचेच्या कडेला, खुर्च्यांच्या मागे. वर गेल्यावर हवा जिकडे वाहील तिकडे तुकडा वळणार. वर जाऊन पाहिलं तेव्हा तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खुर्च्यांमागचे सगळे तुकडे पुढे, तिच्या मानेकडे ताठ झाले होते. म्हणजे मागच्या शेपटाकडून हवा आत घुसत होती. ती हवा शेपटातल्या फटींतून येत होती, तापलेल्या पत्र्यावरून, पोटाखालच्या धुराच्या नळीजवळून. म्हणूनच तिला कधी कधी जळकट वास यायचा. एवढे दिवस ती नव्या इंजिनाचा वास समजत होती. एल्विराला त्या दिवशी नुसती उष्णता भोवली की धूरही, हे आता कळायला मार्ग नव्हता.  उतरल्या उतरल्या टेंचाने विषारी धूर ओळखणारं यंत्र मागवलं आणि ते येईपर्यंत इंजिन चालू केलं नाही.

पुढचा महिना फटी बुजवण्यात गेला. शेपटाकडे जाणाऱ्या सुकाणूच्या दांड्यांना चामड्याचे मोजे शिवले, घुमटाच्या मागच्या कडेला फोमची पट्टी लावली, पंखाच्या सांध्यात टॉर्च धरून एकेक छिद्र शोधलं. यंत्राचा आकडा शून्यावर आला आणि वास गेला. पण झडपांची फुंकर आधीपेक्षाही मंदावली. बाटलीचं बूड आता अगदी पक्कं बंद झालं होतं.

उरलं ते हवेला बाहेर पडायला वाट देणं. पण कुठे? विमानाच्या अंगावर काही ठिकाणी वारा दाबतो, काही ठिकाणी ओढतो. चुकीच्या जागी भोक पाडलं तर तिथून हवा बाहेर जायच्याऐवजी आतच येणार. खाणीत पंख्यांची ओढ मोजायला पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरत, ते टेंचाला आठवलं. तिने तशीच नळी केली, एक टोक आत ठेवून दुसरं बाहेरच्या पत्र्यावर आज इथे, उद्या तिथे चिकटवलं आणि दर वेळी उडून पाणी किती चढतं ते वहीत लिहिलं. अकरा जागा झाल्या. पोटाखाली ओढ चांगली होती, पण तिथे धूर. शेवटी उजव्या खुर्चीच्या मागे, घुमटाखालच्या पट्टीत, पाणी सगळ्यात जास्त सरकलं.

आता तिथे पत्रा कापायचा होता. ड्रिल हातात घेऊन टेंचा विमानाशेजारी उभी राहिली. त्या पत्र्याचा प्रत्येक रिव्हेट तिने स्वतः ठोकला होता, त्याला साधा पोचा आला तरी तिला रात्री झोप येत नसे. एल्विरा खुर्ची घेऊन शेडच्या दारात कूलरच्या झोतात बसली होती.

"राहू दे टेंचा," ती म्हणाली. "माझ्यासाठी इतकं नको. चांगलं विमान आहे."

"तू गप्प बस. एकशे तीस मिलिमीटर लांब, चाळीस रुंद. मोजून ठेवलंय." आणि तिने ड्रिल चालू केलं.

भोकाच्या पुढच्या काठावर तिने ॲल्युमिनियमचा छोटा उतार बसवला, म्हणजे वारा त्यावरून उडी मारून जाईल आणि मागे आतली हवा खेचून घेईल. सगळं नोंदवहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी वर गेली आणि झडप उघडली. तिच्या मांडीवरचा नकाशा उडून काचेला चिकटला. गार हवा गुडघ्यांवरून, छातीवरून, कानांवरून वाहत मागे निघून जात होती. मागचे लाल तुकडे सगळेच्या सगळे भोकाकडे तोंड करून थरथरत होते. टेंचा एकटीच मोठ्याने ओरडली.

तरीही काटा एकोणतीसवर अडला. मग तिने इंजिनाच्या भिंतीला आतून जाड उष्णतारोधक चादर लावली, धुराच्या नळीवर पत्र्याचं कवच चढवलं, घुमटाला वरून सरकणारा पांढरा पडदा लावला. पडदा एल्विराने शिवला. दोन वेळा उसवला, तिसऱ्यांदा बसला. एप्रिलअखेर भर दुपारी उजव्या खुर्चीवर पंचवीस आला. टेंचाने पाच तास एकटीने उडून तो आकडा पुन्हा पुन्हा तपासला.

राहिली ती जमीन. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जातं तेव्हा वारा नसतोच. त्यावर तोड एल्विरानेच काढली. "ओढून न्या ना. लामारचा ट्रक काय फक्त शोभेला आहे?"

जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता तो वरातीसारखा देखावा निघाला. लामार त्याच्या जुन्या ट्रकने विमान हळूहळू ओढतोय, घुमट उघडा, आत एल्विरा छत्री धरून, गळ्याभोवती ओला पंचा. शेजारच्या शेडमधले दोघे हातातली कॉफी विसरून बघत राहिले. टोकाला पोचल्यावर लामारने दोर सोडला, छत्री काढून घेतली आणि म्हणाला, "बाईसाहेब, साडेआठला परत या. ऊन माझं ऐकत नाही."

वर चढताना टेंचाचा एक डोळा समोर आणि एक काट्यावर होता. सव्वीस. चोवीस. बावीस. खाली पिवळी माळरानं गेली, मग सीडरची झाडं, मग पाइनची गर्दी. 

"दिसतंय ना तुला?" टेंचाने विचारलं.

"दिसतंय. मघापासून दहा वेळा विचारलंस." मग तिने झडप अर्धी बंद केली.

"काय करतेस?"

"गारठले मी."

"एक वर्ष घालवलंय मी त्या झडपेवर! उघड ती!"

"कुडकुडू का आता तुझ्या मानासाठी?" एल्विरा म्हणाली, आणि तेवढ्यात तिने टेंचाचा दंड घट्ट धरला.

काबायो शिखराच्या खडकावर चार पायांवरची ती काचेची खोली उन्हात चमकत होती. टेंचाने मोठा वळसा घेतला, उजवा पंख खाली झुकवला. गच्चीवर निळ्या शर्टातली एक मुलगी बाहेर आली आणि तिने कपाळावर हात धरला. एल्विराने हेडफोनमधून बहिणीला सगळं सांगायला सुरुवात केली, हा तो पाइन ज्यावर वीज पडली होती, ते तळं, ती वाट जिथे अस्वलीण पिल्लं घेऊन यायची, आणि कठड्याची गंजलेली पट्टी अजून कुणी बदललेली नाही, आळशी लेकाचे. मनोऱ्यातल्या मुलीने खिशातून काहीतरी काढलं. विमानात लख्ख कवडसा नाचला. आरशाने हाक द्यायची मनोऱ्यावाल्यांची जुनी पद्धत. एल्विराकडे आरसा नव्हता. तिने दोन्ही हात वर करून हलवले. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि टेंचाने तिकडे मुद्दाम पाहिलं नाही.

परतताना खोऱ्याची धग पुन्हा अंगावर आली. उतरल्यावर काटा एकतीसवर होता. एल्विराचा उजवा पाय ओढायला लागला होता, बोलणंही थोडं जड झालं होतं. लामार ओले टॉवेल घेऊन उभा होता. पण तिने कुणाला उचलू दिलं नाही. पंखावरून बसत घसरत खाली आली, काठी मागितली आणि ट्रकपर्यंत स्वतः चालत गेली. तेवढ्याला चार मिनिटं लागली. तिघांपैकी कुणीही घाई केली नाही.

त्या उन्हाळ्यात त्या दोघी सात वेळा गेल्या. जुलैत वादळी ढग आले तसं थांबल्या. धावपट्टीवरचे इतर विमानवाले एकेक करून टेंचाकडे यायला लागले. ती प्रत्येकाला लोकरीचे तुकडे द्यायची आणि सांगायची, "आधी बघा तुमची हवा जाते कुठे. माझ्या मापाने भोक पाडाल तर फसाल."

दोन वर्षांनी एल्विराला पंखावर चढणं जमेनासं झालं. ती म्हणाली, पुष्कळ पाहिलं, आता पुरे. टेंचाने तिचं बोलणं ऐकून घेतलं, जेवणाची ताटं धुतली, ओल्या हातांनीच मोजपट्टी उचलली आणि एल्विरा बसली होती त्या खुर्चीपासून जमिनीपर्यंतची उंची घेतली. गॅरेजात सध्या पाइप कापण्याचा आवाज येतो. ती एक घडीची, पट्ट्याने माणसाला विमानाच्या पंखापर्यंत उचलणारी खुर्ची बनवते आहे. पहिली मोडली. दुसरीचं वेल्डिंग चालू आहे.