एका गोलासाठी आलेली अठरा मुलं

तुम्ही कधी चौदा-शून्य अशी मॅच बघितली आहे का? म्हणजे, शून्याच्या बाजूला बसून?

मी बघितली आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा इथे सिंगापूरला झाली, तेव्हा मी दहा दिवस एका टीमबरोबर होते. तेव्हापासून यिशुनच्या आमच्या घरी कोणी चहाला आलं की माझे किस्से सुरू होतात आणि पाहुण्यांचा चहा गार होतो. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. जिंकणाऱ्यांकडे सांगायला फारसं काही नसतं. ते कप दाखवतात, झालं. हरणाऱ्यांना बोलावं लागतं!

*

मी शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या केंद्रात काम करते. स्पर्धेला स्वयंसेवक हवे आहेत असं कळलं, तेव्हा माझ्या मुलीने, इराने, माझा फॉर्म भरून टाकला. प्रत्येक देशाच्या टीमबरोबर एक माणूस हवा होता. विमानतळावर आणायला जायचं आणि विमानतळावर पोचवायचं; मधले दहा दिवस त्यांचं सगळं बघायचं. 'कोणती टीम आवडेल?' या रकान्यात आम्ही अर्थातच भारत लिहिलं. मनातल्या मनात मी पंचवीस मुलांच्या पुरणपोळ्यांचं पुरण वाटूनही ठेवलं.

ईमेल आली. मला मिळालं होतं प्रशांत महासागरातलं एक बेट! देशाचं नाव सांगत नाही. त्या मुलांना अजून मोठं व्हायचं आहे, आणि मी इथे गोल मोजणार आहे.

"हा देश आहे?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे बँकेत आहेत. ज्या देशात त्यांच्या बँकेची शाखा नाही, तो देश त्यांना पटतच नाही.

इरा फोनवर नकाशा उघडून बसली. पाच मिनिटं झाली तरी तिची बोटं चालूच.

"सापडला का गं?"

"वेट लाह, मम्मी. स्टिल झूमिंग."

*

लहान मुलं येणार म्हणून मी विमानतळावर खिशात चॉकलेटं घेऊन गेले होते. दार उघडलं आणि अठरा जण बाहेर आले. त्यांच्यातला सगळ्यात बुटका माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. तरी चॉकलेटं त्यांनी घेतली, आणि प्रत्येकाने वाकून "थँक यू, आंटी" म्हटलं.

त्यांचा कोच टेवा घरी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे त्याचा देश कोणालाच माहीत नसणार, हे त्याला आधीपासून माहीत होतं.

मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "कोच, या वेळी कप न्यायचा ना?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "एक गोल."

मला वाटलं थट्टा करतोय. बसमध्ये त्याने सगळं सांगितलं. या वयोगटात त्यांच्या देशाने बाहेर जाऊन आजवर एकही गोल केलेला नव्हता. तिथल्या क्रीडा समितीचा अध्यक्ष हा टेवाचा सख्खा मेहुणा, आणि मेहुणा व्हॉलीबॉलवाला! त्याने निघताना सांगितलं होतं, या वेळीही शून्य घेऊन आलात तर फुटबॉल बंद. पुढच्या वर्षीपासून व्हॉलीबॉलची टीम जाईल. मुलांनाही हे ठाऊक होतं. म्हणून ती इतकी गप्प बसली होती.

"चार मॅच आहेत," मी त्याला धीर दिला. "चारांत एक गोल काय, सहज होईल."

तेव्हा मला फुटबॉल कळत नव्हतं.

*

पहिली मॅच बिशानच्या स्टेडियमवर. ती तुम्हाला सांगितलीच. चौदा-शून्य.

केंद्रात मुलांनी काहीही केलं तरी टाळ्या वाजवायच्या, ही माझी वीस वर्षांची सवय. पहिल्या तीन गोलांना मी टाळ्या वाजवल्या. मग टेवाने हळूच माझ्याकडे बघितलं आणि मी हात मांडीखाली घेऊन बसले.

मॅच संपल्यावर वाटलं, आता ही मुलं रडणार. मी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून ठेवलं. पण ती मैदानाच्या मधोमध रिंगण करून उभी राहिली, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले आणि गाऊ लागली. दर मॅचनंतर गायचं, ही त्यांच्याकडची पद्धत. काय आवाज! जिंकलेली मुलं बसकडे निघाली होती, ती परत येऊन रांगेत ऐकत उभी राहिली. त्यांच्या कोचने टोपी काढली.

गेटवरचा सिक्युरिटी गार्ड धावत माझ्याकडे आला. "आंटी, कितीने जिंकलात?"

*

तिसऱ्या दिवशी मुलं जेवेनात. हॉटेलात पास्ता होता, नूडल्स होत्या, काय नव्हतं! कॅप्टन सोलो मला म्हणाला, "आंटी, इथे अळू मिळतो का?"

अळू! अहो, माझ्या जिवात जीव आला. त्यांच्याकडे रोजच्या जेवणात अळकुड्या असतात आणि पानं नारळाच्या दुधात शिजवतात. मी लिटल इंडियात जाऊन दोन पिशव्या भरून पानं आणली, आणि आमच्या स्वयंपाकघरात शंभर अळूवड्या तळल्या. ह्यांना चिंच कोळायला बसवलं.

हॉटेलच्या दारात स्पर्धेची आहारतज्ज्ञ उभी. पोरगी तरुण, हातात फाइल. "सॉरी मॅडम, बाहेरचं खाणं आणता येत नाही."

"मग काय आणता येतं?"

तिने फाइल चाळली. "सांस्कृतिक वस्तू. पण त्याचा फॉर्म भरावा लागेल."

मी फॉर्म भरला. 'वस्तूचं वर्णन' या रकान्यात लिहिलं : अळूवडी, शंभर नग. 'प्रदर्शनाचा कालावधी' या रकान्यात लिहिलं : दहा मिनिटं.

सात मिनिटं लागली. आहारतज्ज्ञ बाईंनी स्वतः चार वस्तू बघितल्या.

*

दुसऱ्या मॅचला विसाव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य होतं. आमच्या गोलकीपरच्या अंगात सगळे देव एकदम संचारल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. इथे भोंगा वाजला की खेळ बंद. सगळ्यांनी छपराखाली जायचं, मग समोर देशाचे राष्ट्राध्यक्ष का असेनात.

मुलांना इतका आनंद झाला! बाहेर धो धो पाऊस, आणि ही एकमेकांना मिठ्या मारताहेत. पाऊस थांबलाच नाही तर मॅच शून्य-शून्यवर रद्द होईल, असं कोणीतरी म्हणालं. ताबडतोब अठरा मुलांनी डोळे मिटले. मीही मिटले.

आमच्या बसचे ड्रायव्हर लिम अंकल बाजूला उभे होते. साठीचे गृहस्थ, बुकित बातोकला राहतात, आणि जन्मभर इथला पाऊस बघत आलेत. त्यांनी आभाळाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "फॉर्टी मिनिट्स."

एकेचाळिसाव्या मिनिटाला ऊन पडलं. मॅच पुन्हा सुरू झाली. नऊ-शून्य.

"म्हणजे अळूवड्यांनी पाच गोल वाचवले," हे संध्याकाळी म्हणाले. बँकेतला माणूस. त्यांना प्रगती दिसते.

*

तिसऱ्या मॅचचा किस्सा मी सगळ्यांना सांगत नाही.

चार-शून्यने मागे होतो, पण मुलं सुंदर खेळत होती. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना सोलो बॉल घेऊन सुटला. समोर फक्त गोलकीपर. तो पुढे धावत आला, घसरला आणि कोपर धरून आडवा झाला. आता सोलोसमोर मोकळा गोल! नुसता पाय लावायचा. टेवा उभा राहिला. मी उभी राहिले. लिम अंकलनी हातातला पेपर टाकला.

सोलो थांबला. बॉल सोडून गोलकीपरपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि विचारलं, "तुला लागलं का?"

गोलकीपर म्हणाला, "नाही." उठला, आणि बॉल मैदानाबाहेर उडवून दिला.

 परत येताना सिग्नलला बस थांबली तेव्हा लिम अंकल मागे न बघताच म्हणाले, "आंटी, युअर बॉइज सो पोलाइट, हाऊ टू विन?"

 आदल्या दिवशी मीच त्या मुलांना म्हटलं होतं, गोलाचं होईल ते होईल, चांगले वागा.

संध्याकाळी संयोजकांनी सोलोला खिलाडूवृत्तीचं प्रशस्तिपत्रक दिलं. फोटो काढले. टेवाने ते दोन्ही हातांत धरून नीट वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही बघितली. मग मला विचारलं, "मॅडम, हे माझ्या मेहुण्याला दाखवलं तर चालेल का?"

"त्याचा स्वभाव कसा आहे?"

"व्हॉलीबॉलवाला," टेवा म्हणाला.

*

शेवटची मॅच. समोर कोण? भारत!

आता गंमत ऐका. भारताच्या टीममध्ये अथर्व नावाचा एक मुलगा कोल्हापूरचा होता. पाच नंबरची जर्सी, बचावाला उभा राहणारा. ही बातमी आमच्या मराठी मंडळाला लागली, आणि कुलकर्णी वहिनींनी फर्मान काढलं, आपल्या मुलाला पाठिंबा द्यायला सगळ्यांनी जायचं. भगवे फेटे, लेझीम, आणि 'अथर्व, गोल हवाच!' असा बारा फुटी फलक. बचावातल्या खेळाडूचं काम गोल करणं नसून गोल अडवणं असतं, हे ह्यांनी सांगून बघितलं. "एवढा कोल्हापूरहून आलाय, आणि गोल करणार नाही?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही त्याला कमी लेखू नका हो!"

पण मंडळ वेळेवर पोचलंच नाही. गेटवर लेझीम अडली. लोखंडी साखळी लावलेली लाकडी वस्तू म्हणजे हत्यार की वाद्य, याचा निर्णय होईना. शेवटी वहिनींनी तिथेच, पार्किंगमध्ये, आठ बायकांकडून लेझीमचे पाच प्रकार करून दाखवले. सिक्युरिटीवाल्यांनी व्हिडिओ काढला आणि आत सोडलं. तोवर हाफ-टाइम होऊन गेला होता, आणि दोन्ही टीमनी बाजू बदलल्या होत्या. मंडळाला याचा पत्ता नव्हता. असता तरी फार फरक पडला नसता.

पाच-शून्य. मी मुलांच्या बाकामागे बसले होते. वरून वहिनी ओरडल्या, "मंगल, तिकडे काय बसलीस? आपल्यात ये!"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही कळलं नाही.

घड्याळात तीन मिनिटं उरली होती. टेवा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. दहा दिवसांत पहिल्यांदाच तो मैदानाकडे बघत नव्हता.

सोलोने कडेने पळत जाऊन बॉल आत मारला. उंच. आमचे तिघे उडाले, कोणाचंच डोकं पोचलं नाही. त्यांच्यामागून अथर्व उडाला. बॉल बाहेर घालवायला म्हणून त्याने जोरात डोकं मारलं, आणि बॉल त्याच्याच गोलकीपरच्या बाजूने जाळीत गेला.

 पंचाने मैदानाच्या मध्याकडे हात केला. म्हणजे गोल, आणि तो आमचा!

आमची अठरा मुलं एकमेकांवर कोसळली. बाकावरची आत धावली, पंच शिट्ट्या फुंकतोय, टेवा गवतावर पालथा पडलाय. मी मॅच बघायला आलेल्या त्या तरुण आहारतज्ज्ञ बाईच्या गळ्यात पडून ओरडत होते.

आणि वर? वर मोठ्या पडद्यावर अथर्वचा चेहरा आला, आणि मंडळाने लेझीम सुरू केली! फेटे उडाले. फलक नाचायला लागला. कोणीतरी तुतारीही आणली होती, हे मला तेव्हा कळलं. मंडळात बसलेले आमचे हे, दोन्ही हात हलवत सांगत होते, "अहो बसा! बसा हो! अहो, आपल्याच..." पण ऐकतंय कोण?

अथर्व गोलसमोर डोक्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता. वर त्याच्या नावाने नाचणाऱ्या माणसांकडे बघत होता. बघता बघता तो खाली बसला आणि जर्सीत तोंड लपवलं. त्याची टीम पाच-एकने जिंकत होती.

"आपल्या पोराने केला गं, मंगल!" वहिनी कठड्यावरून वाकून ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि डोक्याने!"

"हो वहिनी," मी म्हटलं. "डोक्यानेच."

मॅच संपली, गाणं झालं, आणि टेवाने मैदानातूनच मेहुण्याला फोन लावला. मुलं भोवती जमली. फोन स्पीकरवर होता.

"एक!" टेवा म्हणाला.

 पलीकडून मेहुण्याचा आवाज आला. काय म्हणाला, ते सोलोने मला इंग्रजीत सांगितलं, "विचारतोय, कोणी मारला."

टेवाने मुलांकडे बघितलं. मुलांनी लांब बसलेल्या अथर्वकडे बघितलं.

"सगळ्यांनी मिळून," टेवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये आमची अठराही मुलं आपापली जर्सी हातात घेऊन अथर्वच्या टेबलासमोर रांगेत उभी राहिली, आणि त्याने अठराही जर्सींवर सही करून दिली.