बॉडी जीपची, झाकण फियाटचं

लातुरात मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. निलंग्याला पडून असलेली वडिलांची जीप पुन्हा सुरू करायची म्हणून तिचा कार्ब्युरेटर पिशवीत घालून मी जिलानी मिस्त्रींकडे गेलो. आजूबाजूला सगळी होस्टेलं झालीत, यांचं गॅरेज तेवढं उरलंय. लोखंडावर ठोकलेला नंबर वाचून ते गाडी ओळखतात, असं सगळे सांगायचे.

त्यांनी रॉकेलनं पुसून कार्ब्युरेटरच्या खालच्या भागावरचा नंबर वाचला. "बॉडी जीपची हाय." मग झाकण पाहिलं. "हे फियाटचं हाय." पुन्हा बॉडी, पुन्हा झाकण. चष्मा बदलून झाला. मला लेक्चरची घाई. माझं डोकं फिरायला लागलं.

"मिस्त्री, पार्ट कुठल्या गाडीचे आणू, एक काय ते सांगा."

"तेच तर कळंना झालंय."

त्यांची बायको जाहिदा चहा घेऊन आली. झाकणाच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं.

"अजी, हे तर तुमच्याच कानशीनं घासलेलं. भूकंपाच्या साली ढिगाऱ्यातनं निघंल ते घासून एकमेकाला बसवत होता तुम्ही."

"मग हा धरायचा कुठल्या गाडीचा?" मी चिडून विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "यांची पहिली बीवी त्यात गेली, माझा नवरा गेला. लोकांनी आम्हा दोघांचं बसवून दिलंच की."

जिलानींनी चष्मा काढला. "गाडी चालत होती का?"

"वडील होते तोवर रोज."

"मग कुठल्या गाडीचा ते कशाला विचारताय? ठेवून जा."