चाचण्यांचा लॉग

माघातल्या एका मंगळवारी सकाळी माझा नवरा दूध आणायला निघाला, जिन्यात बसला आणि तिथेच गेला.

तेराव्यानंतर पहिला फोन कोकणातल्या सड्यावरच्या बागायतदार काकांचा आला. आम्ही चालवतो त्या वेबसाइटवरून ते आंब्याच्या पेट्या विकतात. तिचा प्रोग्राम नवऱ्याने लिहिलेला, मी तपासायची.

"वहिनी, वाईट झालं हो," काका म्हणाले. "पण आंबा काय सुतक पाळत नाय. नोंदणी कधी चालू करताय?"

प्रोग्राम नीट चालतो का ते पाहणाऱ्या चाचण्या मी चालवल्या. चार डझनांच्या पेटीची चाचणी नापास झाली. एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की नापास. का, ते कळायला मार्ग नव्हता, कारण चाचण्यांचा लॉग, म्हणजे प्रोग्राम काय काय करतोय याची ओळीओळीने होणारी नोंद, मीच नवऱ्याला बंद करायला लावला होता. ओळींनी पडदा भरून जायचा, मला ते सहन व्हायचं नाही.

"तू गप्प, आता प्रोग्रामही गप्प," तो तेव्हा म्हणाला होता. "या घरात मी एकट्यानेच बोलायचं का?" आणि बंद केला होता.

प्रोग्राम ज्यावर उभा होता त्या फ्रेमवर्कची माहितीपानं उघडून मी दोन दिवस वाचत बसले. त्याला पाच मिनिटं लागली असती. चाचण्यांपुरती वेगळी सेटिंग केली. लॉग एका फाइलीत लिहिला जाईल, प्रत्येक ओळीआधी चाचणीचं नाव येईल, असं केलं. 'फक्त चुका लिही' असं होतं, तिथे 'सगळं लिही' केलं.

फाइल उघडली. त्यात त्याच्या ओळी होत्या. लॉग बंद केल्यानंतरही तो कोडमध्ये त्या लिहीत राहिला होता, कुठेही न उमटणाऱ्या.

'पेटी भरली.'

'पेटी गुहागरला निघाली.'

'इथे घाईत लिहिलंय, हिला सापडेलच.'

आणि नापास चाचणीच्या अगदी वर: 'आधीची पेटी पडून आहे.'

एका चाचणीने केलेली पेटी पुसलीच जात नव्हती; पुढची तिला अडखळत होती. चूक त्याची होती. मी ती दुरुस्त केली, त्याची ओळ मात्र ठेवली. शनिवारी नोंदणी सुरू झाली.

"चाललं हो, वहिनी," काकांनी कळवलं.

आता लॉग चालू असतो. दर वेळी चाचण्या चालवल्या की जुनी फाइल पुसली जाते आणि त्याच्या त्याच ओळी पुन्हा लिहिल्या जातात. नवीन ओळी माझ्या असतात.