मावशींची फाईल

लोणावळ्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रात वीस संगणकांची खोली उभारायचं आणि सांभाळायचं काम मला तीन महिन्यांच्या करारावर मिळालं. मी घरातला पहिला पदवीधर. कान्हे गावाजवळच्या आमच्या शाळेत एकच संगणक होता, त्यावर कायम प्लास्टिकचं कव्हर असायचं, आणि आम्ही मुलांनी मुख्यतः ते कव्हरच पाहिलं. त्यामुळे इथे येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं खातं मिळणार, याचं मलाच जास्त अप्रूप होतं. सगळ्या संगणकांवर मी लिनक्स टाकलं, ते एका सर्व्हरला जोडले आणि पहिल्या दिवशी छोटंसं भाषणही केलं. "कुठल्याही संगणकावर बसा, पासवर्ड टाका, तुमची फाईल तिथे हजर. पासवर्ड मात्र कोणाला सांगायचा नाही."

वर्गात शेजारच्या मळवलीचे बंगले सांभाळणारी, संगणक शिकून प्रमाणपत्राची परीक्षा द्यायला आलेली माणसं होती. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि संध्याकाळपर्यंत आपापल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या एका मावशींकडे ठेवायला दिल्या. मळवलीत तशीच रीत आहे. कोणी भाताच्या खाचरात गेलं आणि पाहुणे आले तर अडायला नको, म्हणून पाच-सहा बंगल्यांच्या चाव्या एकाच भरवशाच्या घरी असतात. ते घर या मावशींचं.

थोड्याच दिवसांत सरावासाठी सगळे मावशींच्याच खात्यात शिरू लागले, कारण तो पासवर्ड सगळ्यांना पाठ झाला होता. मला शिस्तीचा झटका आला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ते खातं उडवलं आणि त्याच नावाचं नवं, कोरं खातं उघडून नवा पासवर्ड फक्त मावशींना दिला. उडवताना खात्याबरोबर फोल्डरही पुसायचा पर्याय मी निवडला होता. पुस्तकात तसंच दिलं होतं. बॅकअप पुढच्या आठवड्यात सुरू करणार होतो.

त्या फोल्डरमध्ये बाकीच्यांचा नुसता सराव होता; मावशींनी दोन महिने एका बोटाने टाईप केलेली परीक्षेची फाईल मात्र तिथेच होती. पाहुण्यांसाठी वीस सूचना: गिझरचं बटण कुठलं, टाकीचा व्हॉल्व्ह कुठे, माकडं आली तर काय करायचं. प्रमाणपत्र मिळालं तरच कामावर ठेवीन, असं बंगल्याच्या मालकाने त्यांना बजावलं होतं.

सकाळी आठलाच येऊन मावशी एकेका संगणकावर बसत चालल्या होत्या.

"भाऊ, हितंबी न्हाई. तुमी म्हनलावता ना, कुटंबी बसा म्हनून?"

माझी व्यवस्था चोख चालत होती. वीसच्या वीस संगणकांवरून फाईल सारखीच गायब होती.

मी खरं काय ते सांगितलं. मावशींनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "पुसली तर पुसली. गिझर काय डोक्यातनं पुसला न्हाई." आणि टाईप करायला बसल्या.

अकराला परीक्षक आले, तेव्हा वीसपैकी बारा सूचना झाल्या होत्या.

"बाकीच्या?"

"माज्याच हातनं पुसल्या, सर."

मी शेजारीच उभा होतो. माझा करार वाढवायचा की नाही, ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. मी माऊसची वायर सरळ करत राहिलो. परीक्षक माझ्याकडे बोट दाखवून त्यांना म्हणाले, "यांनी एवढी चांगली सोय करून दिलीये, ती जपून वापरायला शिका." मावशी म्हणाल्या, "व्हय सर." त्या पास झाल्या, शेवटच्या श्रेणीत.

दुपारी मला राहवेना. केंद्रप्रमुखांच्या खोलीत जाऊन मी सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक नोटीस लावा. दुसऱ्याच्या फायली पुसण्यास सक्त मनाई." करारही वाढला.

नोटीस मीच छापली, मीच सही केली, मीच दाराला चिकटवली. घरी निघालेल्या मावशी तिथे थांबल्या आणि एकेक अक्षर लावत त्यांनी ती पूर्ण वाचली.

"ही माज्यामुळं लावली व्हय?"

"नाही मावशी. माझ्यामुळे."

"मंग बरंय," त्या चपला घालत म्हणाल्या. "पाळा आता."