मोटरीची शिटी आणि लांजेवार काका

लांजेवार काकूंचा फोन आला तेव्हा मी रसमड्याच्या आमच्या रोलिंग मिलमध्ये, जिथे तापलेलं लोखंड लाटतात तिथे, विजेचं पॅनेल उघडून उभी होते. "सुषमा, तुये काका गेले व बाई..." एवढंच बोलल्या. मी "हो" म्हटलं आणि हातातला स्क्रू घट्ट करत राहिले. काम अर्धवट सोडलेलं लांजेवार काकांना कधी खपलं नसतं. दीड महिना झाला, आता कुठे लिहायला बसले आहे.

काका आमचे रिसालीतले शेजारी. स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागातून रिटायर झाले आणि आमच्या मिलमध्ये सल्लागार म्हणून यायला लागले. इंजिनिअरिंगला मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरच्या पल्स विड्थ मॉड्युलेशनचा धडा घोकून मी चांगले मार्क आणले होते, पण डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नव्हतं. काकांनी ते स्वयंपाकघरात शिकवलं. "इन्व्हर्टरले अर्धं-पाव समजत नाही. चालू, नाही त बंद. सेकंदाले हजारो वेळा. किती वेळ चालू ठेवलं, त्यावरून मोटरले वोल्टेज कमी-जास्त भेटते." मग मोटरला येणाऱ्या विजेच्या तीन फेज म्हणून लहान-मोठे तीन पेले पाण्याने भरून पाटावर ठेवले आणि पाटच उचलला. "तिघंही एकसाथ वर गेले. मोटरले काय फरक पडला? तिले तिघांचा आपसातला फरकच दिसते. म्हून तिघांले मिळून वर-खाली सरकवता येते, आन् त्याच सप्लायमधून जास्त वोल्टेज काढता येते." पुस्तकातली चार पानं एका पाटावर मावली, देवाशपथ! काकू मात्र ओरडल्या, ओटा सगळा ओला झाला म्हणून.

नोकरीला लागून मला चार महिने झाले होते, अजून पक्की झाले नव्हते. मिलचे ऑपरेटर देवांगनजी रोज तक्रार करायचे, "मैडम, इस मोटर की सीटी से कान पक गए." इन्व्हर्टरचा चालू-बंद होण्याचा वेग वाढवला की ही शिटी जाते, असं काका एकदा बोलले होते. मी कुणाला न विचारता तो सेकंदाला चार हजारांवरून बारा हजारांवर नेला. शिटी गायब! देवांगनजींनी चहा पाजला, मी दोन दिवस हवेत. तिसऱ्या दिवशी, मे महिन्यातल्या भर दुपारी, ड्राइव्ह, म्हणजे तोच इन्व्हर्टर, तापून बंद पडला आणि लाल लोखंड रोलमध्ये अडकलं. मॅनेजरसाहेबांनी ठरवूनच टाकलं की देवांगनने लोड जास्त टाकला. देवांगनजींच्या सस्पेंशनचं पत्र टाइप व्हायला गेलं.

काका स्टोअरपाशी बसले होते, त्यांच्याकडे धावले आणि वेग वाढवल्याचं सांगितलं. "दर वेळी चालू-बंद होताना थोडी गरमी होते," ते म्हणाले. "तू ते तिप्पट केलं, त गरमी वाढन नाही त काय होईन? साहेबाले सांगतलं?"

"नाही. काढून टाकतील मला."

"आन् देवांगनले काढलं त?"

मी रडायलाच लागले. म्हटलं, तुम्ही चला सोबत. "मी नाही येत. मी आलो, त साहेब मायासंग बोलन. तुयं तुलेच सांगा लागन." राग आला मला त्यांचा, खरंच सांगते. त्या रागातच केबिनमध्ये शिरले आणि सगळं सांगून टाकलं. साहेब अर्धा तास बरसले. देवांगनजींचं पत्र फाटलं, माझी नोकरी पक्की व्हायला सहा महिने जास्त लागले... पण आज मिलमध्ये मान वर करून फिरते ती काकांमुळे, आणि हे त्यांना मी तोंडावर कधी सांगितलंच नाही.

मागच्या रविवारी काकूंकडे गेले. त्यांनी कपाटातून घडी घातलेला एक कागद काढला. "तुले देऊ का नको, समजत नव्हतं व. त्या दिवशी तू साहेबाच्या केबिनमध्ये होती, तवा तुये काका हा खिशात घेऊन दाराबाहेर उभे होते. तुले काढलं असतं, त आत जाऊन देणार होते."

साहेबांच्या नावे हिंदीत लिहिलेला अर्ज होता, खाली काकांची सही. त्यात लिहिलं होतं: मुलीला शिटी कमी कशी करायची ते मी शिकवलं, त्याने गरमी वाढते हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. चूक माझी आहे. तिच्या जागी मला काढा.