आडनावाचा रकाना

दोन वर्षांपूर्वी सीमाभागातल्या भालकीत आमच्या शिक्षण संस्थेनं बंद वसतिगृहातली एक खोली नव्या स्टार्टअपला वापरायला द्यायचं ठरवलं. निवड समितीत मी, निवृत्त मुख्याध्यापक, वयानं मोठा. माझा शब्द कुणी मोडत नसे.

नातीनं मला नुकतीच ती नोकरी-धंदेवाल्यांची साइट दाखवली होती, जिथे जो तो आपला फोटो, काम आणि ओळखी मांडून बसतो. मला त्या साइटचं वेडच लागलं. मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते मी तिथली पानं बघून ठरवलं. एकाचं पान झकास होतं. कोट, टाय, खाली शेकडो लोकांच्या शाबासक्या.

दुसरा अर्ज संतपूरच्या मुलीचा. सोयाबीनमधली ओल सांगणारं, हातात मावणारं यंत्र तिनं केलं होतं. आमच्याकडे व्यापारी दाणा दाताखाली फोडतो आणि ओल ठरवतो. शेतकऱ्यानं मान हलवायची. 'माझं सगळं काम साइटवर आहे,' असं तिनं लिहिलं होतं. मी तिथे नाव-आडनाव टाकून तीनदा शोधलं. काहीच निघालं नाही. समितीत म्हणालो, "पोरगी खोटं लिहायलीय." अर्जावर तसा शेराही मारला. खोली कोटवाल्याला मिळाली, आणि शेऱ्याची गोष्ट संतपूरला पोचली.

गेल्या वर्षी खटकचिंचोळीच्या एका आडत दुकानात तेच यंत्र दिसलं. मागे कन्नडमध्ये तिचं नाव होतं. आधी वडिलांच्या नावाचं अक्षर, मग तिचं नाव, बस. तेव्हा उमगलं. आमच्या भागात मराठी शाळेत लागलेलं आडनाव कन्नड कॉलेजात गळून पडतं. असे दाखले मी जन्मभर सह्या करून दिले. आमच्या अर्जावर आडनावाचा रकाना मीच आखला होता, म्हणून तिनं तो भरला. फोनवर ते अक्षर आणि नाव टाकलं. पान लगेच उघडलं. शेतातले फोटो, तीन वर्षांचं काम, फसलेले प्रयोगसुद्धा.

तरी मी वर्षभर गप्प बसलो. लाज, दुसरं काय! गेल्या आठवड्यात मात्र सभेत उभं राहून सगळं सांगितलं, शेरा खोडला, खाली सही केली आणि त्याची प्रत घेऊन संतपूर गाठलं.

ती दारातच म्हणाली, "आता कामून आलाव, गुरुजी?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या आधार कार्डावर आडनाव हाय का?"

मी कार्ड काढलं. वडिलांचं अक्षर, माझं नाव. आडनाव नाही.

"मग तुमी बी खोटेच की!" ती हसली. मलाही हसू फुटलं, वर्षभरात असं मोकळं पहिल्यांदाच.

"खोलीचं जाऊ द्या," ती म्हणाली. "आमचे अप्पा दोन वर्षं झाली लोकांला सांगत हिंडायलेत, माझी पोरगी खोटं बोलत न्हाई म्हणून. त्यांला द्या तो कागद."

तिच्या वडिलांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि चपला पायात घातल्या.

"कुठं निघालाव?" मी विचारलं.

"पारावर."

मीही उठलो. कुणी विचारलंच, तर शेरा मारणारा समोर असलेला बरा.